परदेशात हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली. पुढची देखभाल सोलापुरात कशी लावावी?

जुळेसोलापूरकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे थोरले बंधू नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतात. त्यांचे वय ३८ आहे. लहानपणी आलेल्या ऱ्हुमॅटिक तापामुळे त्यांच्या हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती हे आम्हाला ठाऊक होते, परंतु या हिवाळ्यात त्यांना जिना चढतानाही दम लागू लागला आणि तिथल्या डॉक्टरांनी छाती उघडून ती झडप काढली व तिच्या जागी कृत्रिम, ज्याला आपल्याकडे धातूची म्हणतात तशी, झडप बसवली. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली असून ते अजून रुग्णालयातच आहेत.

वहिनी तिकडे एकट्या आहेत, पदरी तीन वर्षांची मुलगी आहे आणि भाषेची अडचणही आहे. त्यामुळे दादांनी रुग्णालयातून सुटी मिळताच दोन-तीन महिन्यांसाठी सोलापूरला यावे, असे आई-वडिलांचे म्हणणे आहे. आमचे घर जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. ब्यूरोमार्फत चोवीस तासांची नर्स ठेवावी लागेल का, आणि त्यांना कोणत्या प्रकारच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे, हे मला समजून घ्यायचे आहे. शहरातील एका रुग्णालयात फोन केला असता, "ज्यांनी ऑपरेशन केले त्यांनाच विचारा," एवढेच उत्तर मिळाले. शिवाय सगळी कागदपत्रे जर्मन भाषेत आहेत, आणि तिथला विमा इथल्या तपासण्यांचा खर्च देईल की नाही, याचीही स्पष्टता नाही. ज्यांनी असा प्रसंग निभावला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रेल्वेलाइन्सच्या काकू

माझ्या यजमानांची बायपास मस्कतला झाली आणि त्यानंतरचे सगळे आम्ही सोलापुरातच केले, म्हणून लिहिते. तुम्हाला फोनवर मिळालेले उत्तर आम्हालाही मिळाले होते. तेव्हा राग आला, पण डॉक्टरांच्या बाजूने पाहिले तर त्यांचेही चुकत नाही. आत नेमके काय केले आहे हे कागदावर समोर नसेल, तर दुसऱ्याने केलेल्या कामाची जबाबदारी कोण अंगावर घेईल? त्यातून फोनवर "परदेशात ऑपरेशन झालेला पेशंट घ्याल का?" असे विचारले, तर काउंटरवरची मुलगी नाहीच म्हणणार.

त्याऐवजी दादा विमानात बसण्यापूर्वीच तुम्ही स्वतः एका हृदयरोगतज्ज्ञांची रीतसर अपॉइंटमेंट घ्या, केसपेपर काढा, तपासणी फी भरा आणि असतील तेवढे कागद त्यांच्यापुढे ठेवा. रुग्ण सोबत नसताना फी कशाची, असे घरातले कोणीतरी म्हणेलच, तरीही भरा. त्या भेटीत त्यांना एवढेच विचारायचे की दादा आल्यावर त्यांना नियमित तपासायला तुम्ही तयार आहात का, रात्री-अपरात्री काही झाले तर कोणत्या रुग्णालयात आणायचे, आणि तुम्ही गावाला गेलेले असाल तर कोणाला भेटायचे. आम्ही हे आधी केले म्हणून यजमान आल्यावर धावपळ झाली नाही. एकाच डॉक्टरांना धरून राहा. शेजारी, साडू आणि ऑफिसातले साहेब प्रत्येकी एकेक डॉक्टर सुचवतील, आणि प्रत्येकजण आधीच्याची एखादी गोळी बदलेल.

दुसरे म्हणजे बघायला येणारी मंडळी. आपल्याकडे परदेशातून माणूस आला आणि त्यातही ऑपरेशन होऊन आला, म्हणजे घरी गड्ड्याची जत्रा भरते. पहिले काही आठवडे संध्याकाळचा एखादा तास ठरवून द्या, सर्दी-खोकला असलेल्यांनी येऊ नये असे स्पष्ट सांगा, आणि हे सांगायचे काम आईंवर टाकू नका. त्यांच्याच्याने नाही म्हणवणार नाही.

निवृत्त सिस्टर, विजापूर रोड

मी अनेक वर्षे हृदयशस्त्रक्रियेच्या अतिदक्षता विभागात काम केले असून आता निवृत्त आहे. वरील काकूंचे म्हणणे योग्य आहे. मात्र आपल्या प्रश्नात नर्स हा मुद्दा पहिला आला आहे, तो मी सर्वांत शेवटी ठेवीन.

पहिली गोष्ट ही की "सुटी मिळताच" येण्याची घाई करू नये. जर्मनीत अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला रुग्णालयातून पुनर्वसन केंद्रात पाठवण्याची पद्धत आहे. साधारणपणे सुटी झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तिथे दाखल व्हावे लागते आणि मुक्काम बहुधा तीन आठवड्यांचा असतो. तिथे डॉक्टरांच्या नजरेखाली चालणे, जिने चढणे, श्वासाचे व्यायाम होतात, जखम पाहिली जाते, रक्त पातळ करणाऱ्या गोळीची मात्रा बसवली जाते आणि ती गोळी आयुष्यभर कशी सांभाळायची याचे रीतसर शिक्षणही मिळते. रुग्णालयातील समाजसेवा विभाग यासाठीचा अर्ज भरून देतो, तेव्हा वहिनींनी आजच त्याविषयी विचारावे. ही सोय सोडून सोलापूरला धाव घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. हे केंद्र पूर्ण करून दादा आले, तर ते स्वतःच्या पायांनी आपले दोन मजले चढतील, आणि मग चोवीस तासांच्या नर्सची बहुधा गरजच उरणार नाही. घरात सावलीसारखे एक माणूस असले की पुरते.

खरी काळजी आहे ती रक्त पातळ करणाऱ्या गोळीची. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ती गोळी जन्मभर घ्यावी लागते. मात्रा कमी पडली तर गुठळीची भीती आणि जास्त झाली तर रक्तस्रावाची, म्हणून पीटी-आयएनआर ही रक्ताची तपासणी करत राहावे लागते. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर हा आकडा साधारणपणे २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात, परंतु दादांसाठी नेमकी मर्यादा कोणती, हे त्यांच्या शल्यचिकित्सकांनी सुटीच्या पत्रात लिहून दिले पाहिजे. तिकडे गोळीची मात्रा आणि आयएनआर लिहिण्यासाठी रुग्णाला एक छोटी पुस्तिका देतात. तीच पुस्तिका सोलापुरातही चालू ठेवावी. नवी वही काढू नये, म्हणजे मागचा सगळा इतिहास एकाच ठिकाणी राहतो.

सोलापुरात उतरल्यावर दोन-तीन दिवसांतच पहिली आयएनआर करावी, कारण प्रवास, बदललेले जेवण आणि झोप यांनी आकडा हलतो. त्यानंतर तो स्थिर होईपर्यंत आठवड्याला, आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे अंतर वाढवत जावे. जेवणाविषयी आपल्याकडे दोन टोके दिसतात. कोणी पालेभाजी पूर्ण बंद करतो, तर कोणी "रक्त वाढेल" म्हणून रोज वाटीभर मेथी खाऊ घालतो. पालक, मेथी, शेपू, चाकवत, करडईची भाजी यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करते. भाजी बंद करायची नाही. प्रमाण मात्र आठवड्यागणिक साधारण सारखे ठेवायचे. एकादशी, संकष्टीचे उपवास आणि नंतर भरपेट पारणे हा प्रकार निदान पहिले वर्षभर नको, आणि आई नवस बोलल्या असतील तर तो फेडायला दुसरे कोणीतरी उपाशी राहावे.

पुढील दोन गोष्टी घरातल्या सर्वांना ठाऊक हव्यात, कारण चुका बहुधा इथेच होतात. अंग दुखले म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा तत्सम गोळी मेडिकलमधून आणून द्यायची नाही, आणि गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाऊन कमरेत किंवा दंडात सुई मारून घ्यायची नाही. रक्त पातळ असताना स्नायूत इंजेक्शन दिले तर आत रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते. आणि दुसरे, ताप. झडप बसवलेल्या माणसाला ताप आला, तर झडपेवर जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वीच रक्ताचे कल्चर घ्यायचे असते. आपण मात्र सवयीने आधी अँटिबायोटिक चालू करतो आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे जातो. तोपर्यंत कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता कमी झालेली असते. दातांचे कोणतेही काम असेल, साधे दात स्वच्छ करून घ्यायचे असले तरी, दंतवैद्यांना आधी झडपेविषयी सांगावे. त्याआधी अँटिबायोटिकची एक मात्रा घ्यावी लागते.

छातीचे हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात. तोवर चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही, हातांवर भार देऊन उठायचे नाही, दुचाकी चालवायची नाही. जमिनीवरच्या गादीवरून उठताना आपण नकळत दोन्ही हात टेकवतो, म्हणून पलंगच हवा आणि शौचालयही कमोडचे हवे. तीन वर्षांची मुलगी बापाला पाहून झेपावणारच. तिला उचलून घ्यायचे नाही. दादांनी खुर्चीवर बसावे आणि दुसऱ्या कोणी तिला त्यांच्या मांडीवर द्यावे. खोकला किंवा शिंक आली की छातीशी उशी घट्ट धरावी.

अजून एक. ऱ्हुमॅटिक तापाचा रुग्ण म्हणजे इथे आपल्या रोजच्या पाहण्यातला, युरोपात तो विरळा. हा ताप पुन्हा येऊ नये म्हणून आपल्याकडे पेनिसिलिन दीर्घकाळ देतात आणि झडप बदलल्यावरही बहुतेकदा ते चालू ठेवतात. तिथल्या पत्रात याचा उल्लेख नसेल, तर इथल्या हृदयरोगतज्ज्ञांना मुद्दाम विचारावे. दर तीन आठवड्यांनी देतात ते पेनिसिलिन स्नायूत टोचायचे असते, त्यामुळे दादांच्या बाबतीत तोंडावाटे गोळी द्यायची का, हे त्यांनीच ठरवायचे आहे.

बार्शीचा, पूर्वी म्युनिकला

मी जर्मनीत नोकरी करून परतलो आहे, म्हणून फक्त कागद, विमा आणि प्रवास यांवर लिहितो.

नोकरदाराला आजारपणात साधारणपणे पहिले सहा आठवडे मालकाकडून पूर्ण पगार मिळतो आणि त्यानंतर आरोग्य विमा संस्था आजारपणाचा भत्ता देते. हा भत्ता चालू असताना युरोपीय संघाबाहेर जायचे असेल, तर विमा संस्थेची आगाऊ संमती घ्यावी लागते, अन्यथा तेवढ्या काळाचा भत्ता थांबतो. दोन-तीन महिने सोलापुरात राहायचे म्हणजे हा प्रश्न येणारच. संमती लेखी घ्यावी. डॉक्टरांचे "प्रवासास हरकत नाही" असे पत्र जोडले तर काम सोपे होते. सरकारी पद्धतीचा तिथला विमा भारतातील उपचारांचा खर्च देत नाही, आणि प्रवासविमा आधीपासूनच्या आजाराला बहुधा हात लावत नाही. म्हणजे इथल्या तपासण्या आणि ओपीडीचा खर्च पदरचा, असे धरूनच चालावे. आपल्याकडच्या महात्मा फुले योजनेकडे कोणी बोट दाखवील, पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दर आठवड्याच्या आयएनआरला तिचा उपयोग नाही.

कागदांत सुटीचे पत्र तर हवेच, परंतु शस्त्रक्रियेचा स्वतंत्र अहवाल मागितल्याशिवाय बहुधा हातात पडत नाही, तो मुद्दाम मागावा. झडपेचे कार्ड मूळ स्वरूपात हवे, कारण त्यावर झडपेची कंपनी, मॉडेल, आकार आणि क्रमांक असतो. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर हेच कार्ड दाखवावे लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या टूडी इकोचा अहवालही घ्यावा, आणि शक्य असेल तर चित्रफितीसह, पेनड्राइव्हवर. सोलापुरात केलेली इको कोणाशी तरी ताडून पाहावी लागेल, आणि ती पहिली इको नसेल तर डॉक्टर अंदाजच बांधत बसतील. सगळ्या पत्रांचे शपथपूर्वक भाषांतर करून घेण्यात पैसे घालवू नयेत. डॉक्टरांना इंग्रजीतला नीट सारांश पुरतो, आणि बरेचसे जर्मन डॉक्टर विनंती केली तर पानभर इंग्रजी पत्र देतात. तेही सुटीच्या दिवशी नव्हे, चार दिवस आधी मागावे.

औषधे तीन महिन्यांची आणावीत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत. आपल्या औषध नियमांनुसार प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी एका औषधाच्या शंभर सरासरी मात्रांपर्यंत आणता येतात, त्यामुळे अडचण येऊ नये. विमान कंपनी वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून मागते. तो वेळेत पाठवावा आणि व्हीलचेअर नोंदवावी. दादा चालू शकत असले तरी नोंदवावी, कारण फ्रँकफर्टच्या विमानतळावर सामान ओढत चालणे हीच कसरत आहे. मुंबईला उतरल्यावर लगेच सोलापूरची गाडी धरू नका. मुंबईत नाहीतर पुण्यात कोणाकडे तरी एक रात्र काढा आणि मग या. वंदे भारत सोयीची आहे, मात्र ती मुंबईहून दुपारी निघून रात्री उशिरा सोलापूरला पोहोचते. मोटारीने आलात तर सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये छोटी उशी ठेवा आणि वाटेत दोन-तीनदा उतरून चाला.

लॅबवाला, सात रस्ता परिसर

सिस्टरांनी आयएनआरविषयी लिहिलेच आहे. त्यात नमुन्याविषयी थोडी भर घालतो. हे रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्या नळीत सायट्रेटचे द्रावण आधीच असते आणि एका भागास नऊ भाग रक्त असे प्रमाण जमावे म्हणून नळीवर खूण असते. घरी रक्त न्यायला आलेल्या मुलाने खुणेपर्यंत नळी भरली नाही, तर आकडा खोटाच जास्त येऊ शकतो, आणि त्या आकड्यावर डॉक्टर गोळी कमी करतात. म्हणून नळी खुणेपर्यंत भरलेली आहे का, हे घरच्यांनी स्वतः पाहावे; तसे विचारले म्हणून आम्हाला राग येत नाही. प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करावी, म्हणजे यंत्र आणि रसायन बदलल्याने होणारा फरक मध्ये येत नाही. सकाळी नमुना द्या आणि संध्याकाळच्या गोळीआधी अहवाल हाती येईल असे ठरवून घ्या, कारण मात्रा बदलायची असेल तर ती त्याच संध्याकाळपासून बदलता येते.

जर्मन कागदांवर कधी कधी आयएनआरशेजारी "क्विक" नावाचा टक्क्यांतला आकडा असतो. तो उलट्या दिशेने चालतो; रक्त जितके पातळ, तितके टक्के कमी. आपल्या डॉक्टरांना दाखवताना आयएनआरच्याच आकड्याखाली रेघ ओढा.

तिकडे बऱ्याच रुग्णांना बोटातून थेंब घेऊन घरच्या घरी आयएनआर पाहण्याचे छोटे यंत्र देतात. दादांना मिळाले तर अवश्य आणावे. फक्त पहिल्या वेळी यंत्राचा आकडा आणि लॅबचा शिरेतून घेतलेल्या रक्ताचा आकडा एकाच वेळी ताडून पाहावा.

जुळेसोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिल्याप्रमाणे वहिनींनी चौकशी केली आणि पुनर्वसन केंद्रातील तीन आठवडे मंजूर झाले आहेत. त्यामुळे दादा आता एप्रिलच्या अखेरीस येतील. विमा संस्थेकडे संमतीचा अर्जही केला आहे. एका हृदयरोगतज्ज्ञांना भेटून आलो. कागद पाहिल्यावर ते देखरेखीस तयार झाले.

दोन नव्या शंका आहेत. दादांना फेनप्रोकुमॉन नावाची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. मी नवी पेठेतील आणि सिव्हिलसमोरील मेडिकलमध्ये विचारून पाहिले. ती कुठेच नाही, सर्वजण अ‍ॅसेनोकुमारॉल किंवा वॉर्फरिन आहे म्हणतात. इकडे आल्यावर गोळी बदलून घ्यावी का? शिवाय आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी सुचवले की हल्ली नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांना आयएनआर करावीच लागत नाही, तर मग दर आठवड्याला सुया कशाला टोचायच्या? हे ऐकून आई-वडिलांना फार हायसे वाटले आहे. आणि एप्रिल-मेमधला सोलापूरचा उन्हाळा त्यांना झेपेल का, हीही चिंता आहे.

फिजिशियन, सोलापूर जिल्हा

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ती तातडीची आहे. आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या, म्हणजे डॅबिगॅट्रान, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान वगैरे, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी किंवा पायातील गुठळीसाठी उत्तम आहेत. धातूच्या झडपेसाठी त्या वापरायच्या नाहीत. धातूच्या झडपेच्या रुग्णांवर डॅबिगॅट्रानची चाचणी झाली होती. त्यात गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त आढळल्याने ती मध्येच थांबवावी लागली आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी आपल्याला हे सुचवले त्यांच्या मनात बहुधा दुसऱ्या प्रकारचे रुग्ण असावेत. आई-वडिलांना स्पष्ट सांगा की सुई टोचणे चालूच राहणार आहे.

आता पहिली शंका. फेनप्रोकुमॉन, वॉर्फरिन आणि अ‍ॅसेनोकुमारॉल ही एकाच घराण्यातील औषधे आहेत, सर्वांवर आयएनआरनेच लक्ष ठेवतात, परंतु त्यांचा शरीरातील मुक्काम फार वेगळा आहे. अ‍ॅसेनोकुमारॉलची रक्तातील पातळी काही तासांत निम्मी होते, वॉर्फरिनला त्यासाठी दीड दिवसाच्या आसपास लागतो, तर फेनप्रोकुमॉनला पाच-सहा दिवस. त्यामुळे जर्मन गोळी बंद केली तरी तिचा परिणाम आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ टिकतो, आणि त्यावर दुसऱ्या दिवसापासून इथली गोळी पूर्ण मात्रेत चालू केली तर दोन्हींचा भार एकदम पडून रक्तस्राव होऊ शकतो. मिलिग्रॅमचा मिलिग्रॅमशी मेळ घालून तर ती कधीच बदलू नये. दादा दोन-तीन महिन्यांसाठीच येणार आहेत आणि परत तिकडेच जाणार आहेत. तेव्हा पुरेशा गोळ्या सोबत आणून तीच गोळी चालू ठेवणे मी पसंत करीन. एक पाकीट त्यांच्या बॅगेत आणि एक वहिनींच्या बॅगेत ठेवावे. तरीही गोळ्या हरवल्या किंवा मुक्काम लांबला, तर शेवटची गोळी संपण्याच्या दोन आठवडे आधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, म्हणजे वारंवार आयएनआर पाहत शांतपणे बदल करता येईल.

एक चिठ्ठी दादांच्या पाकिटात कायम असावी: "धातूची मायट्रल झडप, फेनप्रोकुमॉन चालू", शस्त्रक्रियेचा महिना, आयएनआरची मर्यादा, आपला फोन क्रमांक. इथल्या आपत्कालीन विभागातील तरुण डॉक्टरांनी फेनप्रोकुमॉन हे नाव कदाचित ऐकलेले नसेल, म्हणून पुढे "वॉर्फरिनसारखे औषध" असे इंग्रजीत लिहा. बोलण्यात अचानक अडखळणे, चेहरा किंवा हात-पाय एका बाजूला लुळे पडणे, आडवे झाल्यावर दम लागणे, काळी शौच, डोक्याला मार, अथवा झडपेचा नेहमीचा बारीक टिकटिक आवाज अचानक मंद किंवा बंद झाल्यासारखा वाटणे, यांपैकी काहीही झाले तर उद्याची ओपीडी धरायची नाही. १०८ ला फोन करा किंवा स्वतःच्या गाडीने आधी ठरवलेल्या रुग्णालयात न्या. टिकटिक आवाज येणे मात्र साधारण आहे; रात्रीच्या शांततेत तो शेजारच्या माणसालाही ऐकू येतो, म्हणून पहिल्या रात्री घाबरून जाऊ नये.

उन्हाळ्याचे म्हणाल तर एप्रिलअखेर आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो. दादांना लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू असेल, तर घामाने आणि त्या गोळीने मिळून रक्तदाब उतरू शकतो आणि उठताना चक्कर येऊ शकते. पाणी किती प्यावे याची मर्यादा हृदयरोगतज्ज्ञांकडून आकड्यात लिहून घ्या, आणि रोज सकाळी शौचाहून आल्यावर, नाश्त्याआधी, वजन नोंदवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर अंगात पाणी साठते आहे असे समजून कळवा. वजन घटत चालले आणि चक्कर येत असेल तरीही कळवा, गोळी स्वतः बंद करू नका. बघायला येणारे शहाळी घेऊन येतील. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि हृदयाच्या काही गोळ्यांनीही ते वाढते, तेव्हा आधी गोळ्यांची यादी दाखवून विचारा. फिरायला सकाळी सहाच्या सुमारास जावे. संध्याकाळी सातपर्यंत रस्ते तापलेलेच असतात.

वर लॅबवाल्यांनी सांगितलेले यंत्र आणणार असाल तर त्याच्या पट्ट्या किती तापमानात ठेवायच्या, हे डबीवर पाहा. सामान्यतः ३० अंशांपर्यंतच चालतात, आणि जुळे सोलापुरातील वरच्या मजल्यावरची खोली मे महिन्यात त्याच्या कितीतरी पुढे जाते. पट्ट्या फ्रीजच्या दारात ठेवा, वापरण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा, आणि मुंबईहून येताना मोटारीच्या डिकीत टाकू नका.

निवृत्त सिस्टर, विजापूर रोड

डॉक्टरसाहेबांनी लिहिल्यावर माझी भर एवढीच. आता तीन आठवड्यांची सवड मिळाली आहे, तर त्यात कमोड बसवून घ्या, आणि नळाला पाणी रोज येत नाही हे लक्षात घेऊन दादांच्या अंघोळीच्या पाण्यासाठी झाकणाची वेगळी टाकी ठेवा, म्हणजे त्यांना वाकून बादली उचलावी लागणार नाही. टाके आणि नळ्यांच्या जागा तिकडेच भरून आलेल्या असतील. तरी पहिले काही दिवस रोज उजेडात पाहा. लाली, पू, किंवा श्वास घेताना हाड टक् टक् वाजल्यासारखे वाटले, तर आपण ठरवलेल्या हृदयरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा. दादांच्या येण्याची तारीख ठरली की त्यांची पहिली अपॉइंटमेंट आणि पहिली आयएनआर, दोन्ही आधीच नोंदवून ठेवा. मेमध्ये लग्नसराई असते आणि पुष्कळ डॉक्टर सुटीवर जातात.